जुनी मालिका एचडीत नवी कशी होते? जपलेल्या निगेटिव्हची गोष्ट

नववीच्या वर्गात प्रकाशाचा धडा चालू होता. भिंग, प्रतिमा, कॅमेरा असं करत गाडी टीव्हीवर आली. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मी मोबाइलवर जुनी स्टार ट्रेक बघितली. ती १९६६ची आहे म्हणतात, पण चित्र एकदम साफ आहे. आणि आमच्या अम्मीच्या निकाहची कॅसेट २००१ची, तरी त्यात नानांचा चेहरासुद्धा नीट ओळखू येत नाही. असं कसं?"

वर्ग हसला. आम्ही मात्र विचारात पडलो, कारण प्रश्न बरोबर होता. पस्तीस वर्षं जुनी गोष्ट साफ आणि नंतरची धुरकट, हे उलटंच झालं की! त्या दिवशी तास संपला, पण उत्तर अर्धंच देता आलं. उरलेलं उत्तर इथे सविस्तर देत आहोत. कारण हा प्रश्न फक्त अमेरिकेच्या मालिकांचा नाही. आपल्या कपाटात, ट्रंकेत आणि माळ्यावर पडलेल्या वस्तूंचाही तो आहे.

फिल्म आणि व्हिडिओ एक नव्हेत

आपण बोलताना सगळ्यालाच 'शूटिंग' म्हणतो. पण शूटिंग दोन प्रकारचं असायचं.

पहिला प्रकार फिल्मचा. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी. तिच्यावर चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण असलेला थर असतो. प्रकाश पडला की त्या कणांवर परिणाम होतो आणि रीळ धुतल्यावर चित्र उमटतं. सिनेमासाठी आणि मोठ्या मालिकांसाठी बहुधा ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरत. या फिल्मवर टीव्हीसारख्या रेषा नसतात. तिच्यात किती बारकावा आहे, हे तिला किती चांगल्या यंत्रावर स्कॅन करता त्यावर कळतं.

दुसरा प्रकार व्हिडिओचा. जुन्या टीव्हीचं चित्र आडव्या रेषांनी बनायचं. अमेरिकेत ५२५ रेषांची पद्धत होती, त्यातल्या सुमारे ४८० रेषांत प्रत्यक्ष चित्र असायचं. आपल्याकडे ६२५ रेषा आणि चित्राच्या ५७६. व्हिडिओ कॅमेरा या रेषाच टेपवर नोंदवायचा. त्या दिवशी जे रेषांत आलं नाही, ते नंतर कुठेही सापडत नाही.

आता एचडी बघा. एचडीत १०८० रेषा आणि प्रत्येक रेषेत १९२० ठिपके. म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७० हजार ठिपके. जुन्या अमेरिकन टीव्हीचं चित्र डिजिटल केलं तर ७२० गुणिले ४८०, म्हणजे साधारण साडेतीन लाख ठिपके होतात. सहापट फरक आहे. साडेतीन लाखांचे वीस लाख करायचे म्हटले, तर मधले ठिपके आणणार कुठून?

झेरॉक्सचं उदाहरण घ्या. मूळ दाखला हातात असेल तर आज नव्या मशीनवर त्याची सुंदर प्रत निघते. पण मूळ हरवलं आणि हातात झेरॉक्सची झेरॉक्स असेल, तर मशीन कितीही महागडी आणा, पुसट अक्षर पुसटच येणार. आपल्या बुजुर्गांनी इल्मच्या बाबतीत सनद पाहायची सवय लावली: बात कोणाकडून आली, त्याने कोणाकडून ऐकली, साखळी मुळापर्यंत पोहोचते का? चित्राचंही तसंच समजा. साखळी जितकी मुळाजवळ, तितका भरवसा जास्त.

१९६६ची मालिका साफ का दिसते?

पहिली 'स्टार ट्रेक' अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. एकूण ७९ भाग. आपल्याकडे ती १९८०च्या दशकात दूरदर्शनवरही लागली होती, काही वाचकांना आठवत असेल. ती ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट झाली, फिल्मवरच कापली-जोडली गेली आणि तिची अंतराळयानाची दृश्यंही फिल्मवरच तयार झाली. लोकांच्या घरच्या टीव्हीवर ती ४८० रेषांत दिसत होती, कारण टीव्हीची ताकद तेवढीच होती. पण निगेटिव्हमध्ये त्याहून कितीतरी जास्त बारकावा होता.

२००६मध्ये मालिकेला ४० वर्षं झाली, तेव्हा निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली गेली. धूळ आणि ओरखडे काढले, उडालेले रंग दुरुस्त केले. यालाच रीमास्टरिंग म्हणतात. म्हणजे मालिका नव्याने बनवली नाही, मुळात जे होतं तेच नीट बाहेर काढलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी बदलली. जुन्या यानांच्या आणि ग्रहांच्या दृश्यांच्या जागी संगणकावर केलेली नवी दृश्यं घातली. काहींना ती आवडली, काहींना नाही. "आमची जुनी मालिका तशीच ठेवा," असं म्हणणारेही पुष्कळ होते. म्हणून २००९मध्ये ब्ल्यू-रे डिस्क आल्या, तेव्हा त्यात दोन्ही सोयी ठेवल्या: जुनी दृश्यं बघा किंवा नवी. आम्हाला ही पद्धत रास्त वाटते. सुधारणा करा, पण मूळ झाकू नका.

खरी कसरत: नेक्स्ट जनरेशन

आता खरी गंमत. नंतरची 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका १९८७ ते १९९४ चालली. सात वर्षं, सुमारे पावणेदोनशे भाग. नवी म्हणजे अजून साफ असणार, असं वाटेल. पण झालं उलटं.

ही मालिकाही ३५ मिलिमीटर फिल्मवरच शूट झाली. पण तोवर व्हिडिओवर एडिटिंग करणं स्वस्त आणि झटपट झालं होतं. त्यामुळे फिल्म धुतली की लगेच व्हिडिओ टेपवर उतरवत आणि पुढचं सगळं काम टेपवर. कापणं, जोडणं, यानाची दृश्यं बसवणं, बंदुकीतून निघणारी किरणं काढणं, सगळं त्या ४८० रेषांतच. म्हणजे तयार झालेला पूर्ण भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगला मिक्सिंगवाला दिलाच्या आकारात नवरा-नवरीचे चेहरे बसवायचा ना, तशीच ही जोडणी, फक्त फार मोठ्या दर्जाची.

वीस वर्षांनी मोठे सपाट टीव्ही घराघरांत आले आणि ती टेप त्यांच्यावर धुरकट दिसू लागली. मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीपुढे दोन रस्ते होते. टेप मशीनने ताणून मोठी करायची आणि 'एचडी' असा शिक्का मारायचा, किंवा मूळ निगेटिव्ह शोधून मालिका पहिल्यापासून पुन्हा जोडायची.

त्यांनी दुसरा रस्ता धरला. आणि तो शक्य झाला, कारण निगेटिव्हची रिळं फेकलेली नव्हती. २०११मध्ये कंपनीने काम जाहीर केलं, तेव्हा २५ हजारांहून जास्त रिळांचा उल्लेख केला होता. टीव्हीवर दाखवून झालेल्या मालिकेची कच्ची रिळं कोणी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

काम कसं चालायचं ते बघा. एकेका प्रसंगाचे चार-पाच 'टेक' असतात. त्यातला नेमका कोणता वापरला होता, हे जुनी टेप शेजारी लावून ताडून पाहायचं. मग तेवढाच तुकडा, तेवढ्याच लांबीचा, पुन्हा जोडायचा. एका भागात असे शेकडो तुकडे.

यानाची दृश्यं अजून किचकट. मालिकेतलं एंटरप्राइझ यान म्हणजे एक प्रतिकृती होती, सुमारे सहा फुटांची. कॅमेरा तिच्यासमोरून एकाच मार्गाने पुन्हा पुन्हा फिरवत. एकदा यानाच्या अंगासाठी, एकदा खिडक्यांतल्या दिव्यांसाठी, एकदा नुसत्या आकृतीसाठी. प्रत्येक फेरी वेगळ्या फिल्मवर. नंतर सगळ्या फेऱ्या एकावर एक बसवल्या की यान तारांमधून जाताना दिसायचं. रीमास्टरिंग करताना या वेगवेगळ्या फेऱ्यांच्या फिल्म शोधल्या आणि संगणकावर नव्याने एकत्र केल्या. जी किरणं आणि चमक मुळात व्हिडिओवरच काढली होती, त्यांची फिल्म नव्हतीच. ती जुन्याबरहुकूम पुन्हा बनवावी लागली.

एवढं करूनही काही ठिकाणी मूळ तुकडा सापडलाच नाही. अशा वेळी जुन्या टेपवरचंच चित्र मोठं करून वापरलं. नीट पाहणाऱ्याला तो फरक जाणवतो.

जानेवारी २०१२मध्ये नमुन्याची डिस्क आली, त्याच वर्षी जुलैत पहिलं पर्व आणि डिसेंबर २०१४मध्ये सातवं. जुनी टेप आणि नवं चित्र शेजारी ठेवून पाहिलं तर गणवेशाचं कापड, कपाळावरच्या सुरकुत्या, सगळं दिसतं. आणि जे दाखवायचं नव्हतं तेही दिसतं! सेटवरच्या काचेच्या पॅनेलवर दिव्यांची चमक येऊ नये म्हणून चिकटवलेले काळे कागद आता काही प्रसंगांत ओळखू येतात.

डॉक्टर बशीर धूसरच राहिले

याच मालिकेची पुढची बहीण म्हणजे 'डीप स्पेस नाइन', १९९३ ते १९९९. तिच्यात डॉक्टर ज्युलियन बशीर नावाचं पात्र आहे. ते साकारणारे अलेक्झांडर सिद्दिग हे सुदानमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये वाढलेले. सुरुवातीच्या पर्वांत त्यांचं नाव सिद्दिग अल फादिल असंच झळकायचं. त्या काळात अमेरिकन पडद्यावर अरबी नावाचा माणूस म्हटलं की बहुतेक वेळा बंदूक घेतलेला असायचा. इथे मात्र तो एक हुशार, कधीकधी जास्तच बडबड करणारा तरुण डॉक्टर आहे, जखमींवर इलाज करतो आणि त्याच्या नावाचं कोणी काही वाटून घेत नाही. भविष्यात अशीही माणसं असतील, एवढं साधं त्या मालिकेने मानलं होतं. आमच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

पण ही मालिका आजही त्या जुन्या ४८० रेषांतच अडकली आहे. कारण पैशाचं आहे. 'नेक्स्ट जनरेशन'वर अफाट मेहनत आणि खर्च झाला, पण डिस्कची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. लोक तोवर डिस्क सोडून इंटरनेटवर बघायला लागले होते. त्यात 'डीप स्पेस नाइन'च्या नंतरच्या पर्वांत प्रतिकृतींच्या जागी संगणकावरची दृश्यं वाढत गेली. ती त्या काळच्या टीव्हीपुरतीच बनवली होती. म्हणजे ती नव्याने बनवावी लागणार. खर्च अजून वाढला आणि काम थांबलं. तिच्यानंतरच्या 'व्हॉयेजर'चीही हीच अवस्था.

गंमत अशी की फिल्म आहे. २०१९मध्ये या मालिकेवर एक माहितीपट आला. चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला पैसे दिले होते. त्यासाठी काही प्रसंगांची निगेटिव्ह स्कॅन केली आणि त्यात डॉक्टर बशीरची मालिका एकदम लख्ख दिसली. म्हणजे असल जिवंत आहे, फक्त बाहेर काढणारा हवा. उद्या कोणी पैसे उभे केले तर होऊ शकेल. फेकून दिलं असतं तर पैसे असूनही झालं नसतं.

जे पुसलं गेलं ते गेलं

फेकून दिल्यावर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका १९६३मध्ये सुरू झाली. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, अशा विचाराने टेप पुसून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करत. १९६०च्या दशकातले नव्वदहून जास्त भाग असे गेले, त्यांचं पूर्ण चित्र बीबीसीकडे नाही.

काही परत मिळाले, तेही परदेशातून. बीबीसी या भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढून इतर देशांना दाखवण्यासाठी पाठवायची. २०१३मध्ये अशा नऊ हरवलेल्या भागांच्या प्रती नायजेरियात सापडल्या. ज्यांचं होतं त्यांनी पुसलं, आणि दूरच्या मुलुखातल्या एका गोदामाने जपलं!

याच मालिकेचा अजून एक किस्सा. १९७०ची एक कथा स्टुडिओतल्या संपामुळे नेहमीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर करता आली नाही, म्हणून ती पूर्ण १६ मिलिमीटर फिल्मवर शूट केली. त्या वेळी ती अडचण होती. पण त्यामुळेच २०१३मध्ये ती खऱ्या एचडीत काढता आली. तिच्या आगेमागे स्टुडिओत व्हिडिओवर केलेल्या कथांना ते नशीब नाही.

एआयने साफ केलं तर?

आता काही जण म्हणतील, एवढी झंझट कशाला, एआय आहे ना! खरं आहे, आज धुरकट चित्र टाकलं की दोन मिनिटांत चकचकीत करून देणारी ॲप आहेत. 'डीप स्पेस नाइन'वरही चाहत्यांनी असे प्रयोग केले. 'बॅबिलॉन ५' या १९९०च्या दशकातल्या मालिकेची सुधारित आवृत्ती २०२१मध्ये आली, तेव्हा माणसांचे प्रसंग फिल्मवरून नव्याने स्कॅन केले, पण संगणकावरची जुनी दृश्यं मोठी करूनच घ्यावी लागली. दोन्हींतला फरक डोळ्यांना कळतो.

एआय हरवलेला बारकावा शोधत नाही, अंदाज करते. लाखो चेहरे पाहून ती ठरवते की इथे डोळा असा असेल, दाढीचा केस असा असेल. यानाच्या पत्र्याबाबत असा अंदाज चालून जाईल. पण आपल्या मरहूम दादाजींच्या फोटोबाबत? आम्ही असे फोटो पाहिले आहेत. सुरकुत्या गेल्या, डोळे चमकले, कातडी गुळगुळीत झाली. सुंदर दिसतात, पण ते दादाजी नाहीत, त्यांच्यासारखा कोणीतरी आहे. घरातली लहान मुलं त्यांनाच दादाजी समजून मोठी होतील. ॲप वापरायला आमची हरकत नाही. पण मूळ फोटो वेगळा ठेवा आणि कोणता मूळ आहे ते लिहून ठेवा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर

अम्मीच्या निकाहचं शूटिंग थेट व्हिडिओ कॅसेटवर झालं. तिच्यात टीव्हीच्या चित्राहूनही कमी बारकावा मावतो. म्हणून ती खरी एचडी कधीच होणार नाही. आहे तेवढं वाचवणं, एवढंच हातात आहे.

पण त्याच निकाहात फोटोवालाही होता. त्याच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल होता. तो रोल म्हणजे तीच ३५ मिलिमीटरची पट्टी, जिच्यावर स्टार ट्रेक शूट झाली! फोटो धुऊन देताना दुकानदार कागदी पाकिटात तपकिरी पट्ट्या घालून द्यायचा, आठवतं? आपण फोटो अल्बमला लावले आणि पट्ट्या कुठेतरी टाकल्या. खरी चीज त्या पट्ट्यांत आहे. नानांचा चेहरा कॅसेटमध्ये ओळखू येत नसेल, पण निगेटिव्हमध्ये असू शकतो.

मुलाने घरी जाऊन शोधलं. अल्बमच्या मागच्या कप्प्यात पाकीट मिळालं. काही पट्ट्यांना डाग पडले होते, काही एकमेकींना चिकटल्या होत्या. चार-पाच नीट होत्या. एका फोटो स्टुडिओत त्या स्कॅन करून घेतल्या. नाना पाहुण्यांना पाणी देत उभे असलेला एक फोटो निघाला. अल्बममध्ये तो अंगठ्याएवढा दिसायचा. आता त्यांच्या शेरवानीचं उघडं राहिलेलं वरचं बटणसुद्धा दिसतं.

आमच्या घरची गोष्ट उलटी आहे. गल्फमधून मामूंनी व्हीसीआर आणला होता. बडे भाईंच्या निकाहच्या कॅसेटवर कोणीतरी क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केली. दुआसाठी हात उचललेले अब्बा तिच्यात होते. बीबीसीला नावं ठेवताना आम्हाला ते आठवतं.

घरी काय करावं?

१. व्हिडिओ आणि ऑडिओ कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो. तो तोडला की तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होत नाही. हे आजच करा.

२. कॅसेट लवकर डिजिटल करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन दरवर्षी कमीच होणार. टेपवर पांढरी बुरशी दिसली, कोकणच्या हवेत ती धरतेच, तर ती घरी लावू नका. मशीन आणि टेप दोन्ही जातात. जाणकाराकडून साफ करून घ्या.

३. डिजिटल झालं म्हणून कॅसेट किंवा निगेटिव्ह फेकू नका. उद्या यापेक्षा चांगलं यंत्र येईल, तेव्हा असलच लागेल. कोरड्या, थंड जागी ठेवा, ऊन आणि लोहचुंबकापासून दूर.

४. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की ते लहान होतात. पुढे पाठवत गेलात की झेरॉक्सची झेरॉक्स. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

५. कोण आहे, कुठे, कोणत्या साली, हे बुजुर्ग हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. चेहरा साफ झाला पण नाव सांगणारं कोणी उरलं नाही, तर काय उपयोग?

काही घरांत फोटो ठेवत नाहीत. पण त्यांच्याकडेही आवाज असतील. सौदी-कुवेतहून अब्बांनी खतऐवजी पाठवलेली बोलती कॅसेट, दादींनी म्हटलेली नात, एखाद्या मरहूम हाफिजसाहेबांची किरात. त्या टेपचं आयुष्यही संपत आलं आहे.

टीव्ही कंपन्यांकडे गोदामं असतात, पगारी माणसं असतात, तरी त्यांच्या हातून नव्वद भाग गेले. आपल्याकडे एक ट्रंक आहे आणि रमजानच्या आधीची साफसफाई. या वेळी साफसफाईत जुनं पाकीट हाताला लागलं, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एक पट्टी उजेडाकडे धरून पाहा.